टाइपरायटरचा इतिहास मेकॅनिकला वगळून लिहिता येत नाही

१/
समाजमाध्यमांवर टाइपरायटरचा इतिहास साधारणतः चार वाक्यांत उरकला जातो. अमेरिकेतील मिलवॉकी येथे क्रिस्टोफर शोल्स व त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्र घडवले; १८७४ साली रेमिंग्टनने ते बाजारात आणले; १९५५ साली गोदरेजने पहिला संपूर्ण भारतीय टाइपरायटर तयार केला; आणि २०११ साली ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना’ भारतातच बंद पडला. खाली एका धूळभरल्या यंत्राचे छायाचित्र, आणि त्याखाली हळहळ.

यातले चौथे वाक्य चुकीचे आहे. पहिली तीन बरोबर आहेत. पण ती ज्या प्रकारच्या इतिहासाची सवय लावतात, ती सवय त्या चुकीपेक्षा अधिक घातक आहे.

२/
आधी चुकीचा निकाल लावू. गोदरेजचे उत्पादन २०११ साली नव्हे, २००९ साली थांबले होते. सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यात उरलेल्या काही शेकडा यंत्रांची बातमी एप्रिल २०११ मध्ये छापून आली. त्यांतली बरीचशी यंत्रे तर अरबी कळफलकाची होती. परदेशी वृत्तपत्रांनी ती बातमी उचलताना त्यात ‘जगातला शेवटचा’ हे विशेषण आपल्या पदरचे घातले. पुढे नोव्हेंबर २०१२ मध्ये वेल्समधील रेक्सम येथे ब्रदर कंपनीने ब्रिटनमधला आपला अखेरचा टाइपरायटर बनवून लंडनच्या सायन्स म्युझियमला भेट दिला, तेव्हा आधीच्या ‘शेवटच्या’चे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

३/
खरा प्रश्न निराळाच आहे. शिरवळला यंत्रे बनणे थांबले, त्या दिवशी न्यायालयांबाहेर बसणाऱ्या टंकलेखकांची यंत्रे थांबली काय? अर्थातच नाही. वीस-तीस वर्षे जुनी यंत्रे प्रतिज्ञापत्रे आणि करारनामे छापतच राहिली. कारखाना बंद पडणे म्हणजे यंत्राचा मृत्यू, ही समजूत फक्त त्यांचीच असू शकते ज्यांनी यंत्र कधी उघडलेले पाहिले नाही.

डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ साली ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात हाच मुद्दा मांडला: तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवर नव्हे, वापरावर आणि देखभालीवर लिहावा. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ च्या ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ मध्ये सायकल, शिवणयंत्र, भातगिरणी आणि टाइपरायटर या रोजच्या यंत्रांतून आधुनिक भारत कसा घडला, हे दाखवले. अभ्यासकांनी वाट दाखवून बरीच वर्षे झाली. लोकप्रिय मांडणी मात्र अजून शोल्सच्या मिशांभोवतीच फिरते.

४/
येथे उदाहरण म्हणून जाणीवपूर्वक पोर्टेबल टाइपरायटर घेतला आहे. कचेरीतले भारदस्त यंत्र एका टेबलावर जन्म काढते. पोर्टेबल यंत्र रेल्वेच्या फलाटावर, बोटीच्या खोलीत, वार्ताहराच्या मांडीवर राहते. त्याचे पत्रे पातळ, दांड्या बारीक, आणि धक्के जास्त. त्यामुळे जे पोर्टेबल यंत्र साठ-सत्तर वर्षांनंतर आज चालते आहे, ते कोणीतरी वारंवार उघडून पुन्हा जोडले आहे, असे समजण्यास हरकत नाही.

इटलीच्या ऑलिव्हेटी कंपनीचे लेटेरा २२ घ्या. १९५० सालचे, सुमारे ३.७ किलो वजनाचे. रचनाकार मार्चेल्लो निझ्झोली. १९५४ साली त्याला कॉम्पासो द’ओरो हा रचनेचा मोठा पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातही ते आहे. रूप ठरवणाऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक. आतली यंत्रणा बसवणारा अभियंता जुझेप्पे बेक्चो क्वचित आठवला जातो. यंत्राचे पुढचे आयुष्य ज्यांच्या हातांत गेले, त्यांच्यासाठी रकानाच नाही.

५/
या दृष्टीचा कळस २००९ साली झाला. अमेरिकन कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांचे लेटेरा ३२ लिलावात २,५४,५०० डॉलरला विकले गेले. त्यांनी ते गहाणवटीच्या दुकानातून पन्नास डॉलरला घेतले होते. यंत्राची देखभाल काय केली, तर पेट्रोलपंपावरच्या हवेच्या नळीने धूळ उडवली. त्यापलीकडे काही नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून दिले.

पैसा संशोधनसंस्थेला गेला, हे उत्तमच. परंतु या कथेतून रूढ झालेला समज घातक आहे: चांगले यंत्र आपोआप चालते, लेखक तेवढा थोर हवा. हवेची नळी ही देखभाल नव्हे. ते सुदैव होते.

६/
मग देखभाल म्हणजे काय? हे ज्ञान किती बारीक आहे ते समजल्याशिवाय पुढचा युक्तिवाद पोकळ वाटेल, म्हणून थोडे यंत्राच्या पोटात शिरावे लागेल.

अक्षर ज्या पोलादी दांडीच्या टोकाला असते ती टाइपबार. सगळ्या टाइपबार एका अर्धवर्तुळाकार, खाचा पाडलेल्या तुकड्यात बसतात, तो सेगमेंट. कळ अडखळू लागली की नवशिका सेगमेंटमध्ये तेल सोडतो. दोन दिवस यंत्र लोण्यासारखे चालते. मग तेलावर धूळ बसते, तिचा राप होतो, आणि कळा पूर्वीपेक्षा घट्ट अडकतात. तो आणखी तेल सोडतो. जुन्या मेकॅनिकचा नियम याच्या नेमका उलट: सेगमेंट रॉकेलने किंवा पेट्रोलने ब्रश मारून धुवायचा, कळा पुनःपुन्हा हलवायच्या, मळ पुसायचा, आणि कोरडा सोडायचा. तेलाचा थेंब फक्त गाडा ज्या रुळांवर सरकतो तिथे, तोही जेमतेम.

७/
गाडा म्हणजे कॅरेज. तो डावीकडे ओढला जातो एका डबीतल्या गुंडाळलेल्या स्प्रिंगमुळे. डबी आणि गाडा यांना जोडणारी एक दोरी किंवा पट्टी असते. ही दोरी तुटली की यंत्र ‘मेले’ असे जाहीर होते आणि भंगारात जाते. वास्तविक मजबूत नायलॉनची दोरी बांधून, डबीला मोजके वेढे देऊन ते तासाभरात उठते. वेढे किती द्यायचे, हीच विद्या. कमी पडले तर ओळीच्या शेवटी, जिथे स्प्रिंग सर्वांत सैल असते, तिथे अक्षरे एकमेकांवर चढतात. जास्त दिले तर गाडा झटके खातो आणि हाताला परतीचा जोर लागतो. आणि कित्येकदा दोष स्प्रिंगचा नसतोच; रुळांत वर्षानुवर्षांचा खोडरबराचा चुरा साठलेला असतो. चुरा न काढता वेढे वाढवणारा मेकॅनिक कच्चा.

८/
सर्वांत नाजूक भाग अक्षरांच्या जुळणीचा. इथे क्रम मोडला की सगळे श्रम वाया जातात.

आधी अक्षर आणि रबरी रूळ यांतले अंतर पाहायचे. टाइपबार सेगमेंटच्या कडेवर टेकते त्याच क्षणी अक्षराने कागदाला जेमतेम स्पर्श करावा. अंतर कमी असेल तर अक्षर रबरात रुतते, जास्त असेल तर पुसट उमटते. जुना रूळ तर दगडासारखा कडक झालेला असतो. कागदाला भोके पडतात, अक्षरांच्या कडा झिजतात. मग शिफ्टचे थांबे. लेटेरा २२ मध्ये शिफ्ट दाबले की गाडा उचलला जात नाही, अक्षरांची अख्खी टोपली खाली जाते. ती वर कुठे थांबावी आणि खाली कुठे, हे स्क्रूंनी ठरते. मोठे एच आणि लहान एच आळीपाळीने छापून दोघांचे पाय एका रेषेत आले की काम झाले. आणि त्यानंतरच एखाददुसरी वाकडी टाइपबार पक्कडीने, केसभर, सरळ करायची. हे शेवटचे काम आधी करणारा प्रत्येक अक्षर सरळ करत बसतो, आणि नंतर थांब्याचा स्क्रू फिरवला की सगळी अक्षरे पुन्हा ढळतात.

९/
आता मुख्य मुद्दा. हे ‘केसभर’ वाकणे इतिहासाचा पुरावा असते.

१९२४ साली शिकागोत नेथन लिओपोल्ड आणि रिचर्ड लोब या दोन श्रीमंत तरुणांनी एका मुलाचा खून केला आणि खंडणीचे पत्र अंडरवूड पोर्टेबल टाइपरायटरवर छापले. पुढे पक्कडीने अक्षरांचे ठसे उपटून काढले आणि यंत्र जॅक्सन पार्कच्या तळ्यात टाकले. उपयोग झाला नाही. लिओपोल्डच्या अभ्यासगटाच्या जुन्या टिपणांची पाने त्याच यंत्रावर छापलेली निघाली. दोन्हींतली अक्षरे सारख्याच जागी सारखीच वाकडी होती. ठसे उपटण्याची बुद्धी गुन्हेगारांना झाली, यावरूनच कळते की यंत्राला स्वतःचे हस्ताक्षर असते हे त्यांनाही ठाऊक होते. इतिहासाच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

१०/
याहून मोठे प्रकरण अल्जर हिस याचे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील या माजी अधिकाऱ्यावर सोव्हिएत हेरगिरीचा आरोप झाला आणि जानेवारी १९५० मध्ये खोट्या साक्षीबद्दल तो दोषी ठरला. पुराव्याच्या केंद्रस्थानी होता वुडस्टॉक कंपनीचा टाइपरायटर, अनुक्रमांक २३००९९. तो पोर्टेबल नव्हता, कचेरीचा होता. बचावपक्षाने नंतर विचारले: दुसऱ्या यंत्राची अक्षरे मुद्दाम याच यंत्रासारखी वाकवता येतील काय?

उत्तर द्यायला प्राध्यापक बोलावला नाही. न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवर दुकान असलेला मार्टिन टायटेल हा टाइपरायटर दुरुस्त करणारा माणूस बोलावला. मूळ यंत्र न पाहता, केवळ छापील नमुन्यांवरून, त्याने दीर्घ परिश्रमांनी तशीच अक्षरे उमटवणारे दुसरे यंत्र उभे केले. १९५२ साली नव्या खटल्याची मागणी न्यायालयाने फेटाळली, ती गोष्ट वेगळी. हिस दोषी होता की नव्हता, हा वाद येथे सोडवायचा नाही. पण टंकलिखित कागद म्हणजे यंत्राची निर्विवाद साक्ष, हा भरवसा एका मेकॅनिकच्या पक्कडीने डळमळीत केला.

११/
याच टायटेलची आणखी एक गोष्ट सांगितली जाते. त्याने असंख्य भाषांसाठी यंत्रे फिरवून दिली. ब्रह्मी भाषेच्या यंत्रावर एक अक्षर त्याच्या हातून उलटे डाखले गेले, आणि पुढे तीच उलटी मांडणी खुद्द ब्रह्मदेशात रूढ झाली. २००८ साली तो वारला तेव्हा मृत्युलेखांतही हा किस्सा गमतीचा म्हणून आला.

गंमत म्हणून तो सोडून देणे, हीच तर तक्रार आहे. लिपीच्या इतिहासात राजे, मिशनरी, मुद्रक आणि भाषासमित्या यांना प्रकरणे मिळतात. डाखाची कांडी हातात घेतलेल्या माणसाला तळटीप.

१२/
आता देवनागरीकडे यावे, कारण ही तळटीप येथे सर्वांत महाग पडते.

रोमन लिपीची यंत्रणा देवनागरीला लावणे म्हणजे नुसते ठसे बदलणे नव्हते. कळा मर्यादित, अक्षरे-जोडाक्षरे अफाट. म्हणून अर्धे अक्षर आणि काना वेगळे काढले: भ, थ, ध, श, ष, ण, ख ही अक्षरे अर्धे रूप अधिक काना अशा दोन ठोक्यांत पुरी होत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर, पण डोळ्यांना आधी दिसते, म्हणून छापायचीही आधी. रेमिंग्टन मांडणीने किंवा कृतिदेव फाँटने आजही टंकन करणारे अनेक जण संगणकावर हाच क्रम पाळतात; यंत्र गेले तरी त्याचे वळण बोटांत राहिले.

१३/
उकार, अनुस्वार, मात्रा यांच्यासाठी गाडा पुढे सरकता कामा नये. त्या कळा ‘मृत’ असाव्या लागतात: ठसा उमटतो, पण गाडा एक घर पुढे सोडणारा दाता सुटत नाही. हे साधण्याची एक रीत म्हणजे त्या टाइपबारच्या टाचेतला, गाड्याची पट्टी ढकलणारा भाग कानशीने घासून काढणे. किती घासायचे? थोडे कमी पडले तर गाडा अधूनमधून सुटतो आणि अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो.

आणि शिरोरेषा! रोमन अक्षर केसभर वर गेले तर ओळ जरा नाचल्यासारखी दिसते. देवनागरी अक्षर तेवढेच वर गेले तर शिरोरेषा तुटते, शब्द दोन वाटतात. गाड्याचा दाता झिजून अंतर चुकू लागले की अर्धा भ आणि त्याचा काना यांच्यात फट पडते. रोमन यंत्रात खपून जाणारा दोष इथे मजकूरच बिघडवतो. मराठी यंत्राच्या मेकॅनिकला म्हणूनच इंग्रजी यंत्राच्या मेकॅनिकपेक्षा अधिक काटेकोर राहणे भाग होते. त्याच्या कौशल्याचा उल्लेख मात्र टाइपरायटरवरच्या आपल्या लोकप्रिय लेखांत शोधूनही सापडत नाही.

१४/
१९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला आणि शासनव्यवहार मराठीत आणण्याला कायद्याचा आधार मिळाला. या घटनेचे राजकीय विवेचन भरपूर झाले आहे. पण तालुक्याच्या कचेरीत मराठी आदेश निघायचा तर तिथले मराठी यंत्र चालू असायला हवे, आणि ते बिघडले तर दुरुस्त करणारा आसपास असायला हवा. राजभाषा कायद्याने येते आणि कारकुनाच्या टेबलावर टिकते. त्या टेबलापर्यंत पिशवीत पक्कड, ब्रश आणि रॉकेलची बाटली घेऊन येणारा माणूस या इतिहासाचा भाग नाही, असे कोणत्या आधारावर म्हणता येईल?

१५/
यावर दोन आक्षेप येतात. पहिला: मेकॅनिक तर प्रत्येक यंत्राला असतो, सायकलवाल्याचा इतिहास कोण लिहितो? लिहावा, जरूर लिहावा. पण सायकलच्या दुरुस्तीची खूण रस्त्यावर उमटून राहत नाही. टाइपरायटरच्या दुरुस्तीची खूण थेट दप्तरातल्या कागदावर उमटते आणि तिथेच राहते. एखाद्या संस्थेच्या पत्रव्यवहारात ‘त’ची शिरोरेषा अमुक महिन्यापर्यंत तुटकी आणि पुढे सलग असेल, तर बिनतारखेच्या पत्राचा काळ ठरवायला तो धागा आहे. आणि दुरुस्ती झाली हे लक्षात न घेणारा अभ्यासक तीच पत्रे दोन वेगळ्या यंत्रांची ठरवून मोकळा होईल.

१६/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार: दुरुस्ती करणारे कागद ठेवत नसत, मग साधने कुठली? साधन यंत्र स्वतः आहे. ओरखडलेले स्क्रू, वेगळ्या रंगाचा डाख, दुसऱ्या यंत्रातून आणून बसवलेली कळ, पेटीच्या आत चिकटवलेले दुकानाचे लेबल. हे वाचायला शिकावे लागते, जशी मोडी शिकावी लागते. शिवाय माणसेही अजून आहेत, पण त्यांचे वय वाढत चालले आहे. शासकीय टंकलेखन परीक्षा हाताच्या यंत्रावरून संगणकावर गेल्या आणि टायपिंग इन्स्टिट्यूटांतली यंत्रे हलली, तेव्हापासून त्यांच्याकडे येणारे कामही आटले.

मेकॅनिकला संत बनवण्याची मात्र गरज नाही. सेगमेंटमध्ये तेल ओतणारे, चालू यंत्राचे भाग काढून दुसऱ्याला विकणारे, वाकडी टाइपबार ठोकून मोडणारे महाभागही होतेच. इतिहासात जागा मिळण्यासाठी सद्गुणी असण्याची अट राजांनाही कधी नव्हती.

१७/
खरा राग यायला हवा तो आजच्या ‘व्हिंटेज’ बाजाराचा. अक्षरांच्या कळा छाटून त्यांच्या अंगठ्या आणि कफलिंक बनवल्या जातात. उरलेला सांगाडा भंगारात. काही ठिकाणी यंत्राला चकाकता गुलाबी रंग फासून उपाहारगृहाच्या काउंटरवर ठेवतात, आणि रंग देण्याआधी अनुक्रमांक घासला जातो. यालाच ‘वारसा जपणे’ म्हणतात! जुन्या ताम्रपटाला पॉलिश करून अक्षरे पुसणाऱ्याला कोणी वारसाप्रेमी म्हणेल काय?

देवनागरी यंत्राची छाटणी तर दुहेरी हानी. इंग्रजी यंत्रे जगभर लाखोंनी पडली आहेत. मराठी कळफलकाचे चालू पोर्टेबल यंत्र आज मिळवून दाखवा.

१८/
ज्यांच्या घरी असे यंत्र आहे, त्यांनी ते दुरुस्त करून घ्यावेच. पडून राहिलेले यंत्र गंजते आणि पुरावाही गंजतो. पण स्क्रूला हात लावण्यापूर्वी, यंत्र आहे त्या बिघडलेल्या अवस्थेत, सगळ्या कळांचा एक नमुना कागदावर घ्यावा. शिफ्टसह आणि शिफ्टविना, प्रत्येक अक्षर तीनदा. देवनागरी असेल तर प्रत्येक मात्रा एका अक्षरावर चढवून. फीत सुकलेली असेल तर कार्बन कागद चालतो. त्याच कागदावर अनुक्रमांक, तारीख, यंत्र कोणाकडून आले ते, आणि दुरुस्ती करणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचे नाव. दुरुस्तीनंतर तसाच दुसरा नमुना, कोणते भाग बदलले याच्या नोंदीसह. काढलेले जुने भाग पाकिटात घालून पेटीतच ठेवावेत. आणि तो यंत्र उघडत असताना शेजारी बसून विचारावे: हे काम कोणाकडे शिकलात, पहिले मराठी यंत्र कुठल्या कचेरीत उघडलेत, आणि ‘मृत’ कळेची टाच किती घासायची हे तुम्हाला कसे कळते?